तिसऱ्या हाताची हळद

"त्याला हात पुढे करायला लावले, मावशी. आणि डीनबाईंनी चष्मा चढवून त्याची नखं तपासली."

परीक्षित सांगत होता. त्याच्यापुढच्या चहावर साय धरली होती.

२००५ सालच्या एप्रिलमधला बुधवार होता. अमेरिकेतल्या आयसेलिनमध्ये ओक ट्री रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर सुनेत्रा दिघेचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. त्याआधी चौदा वर्षं तिने एका विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवली होती. खोटं बोलणाऱ्यांचा तिला आता कंटाळा आला होता. खऱ्या माणसाला छळणाऱ्यांचा मात्र तिला अजून राग यायचा, आणि तो लवकर उतरत नसे.

"नखं कशासाठी?" तिने विचारलं.

"हळद दिसते का, ते बघायला."

कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या नंदूने मान वर केली. नंदू सुनेत्राचा धाकटा दीर. फेब्रुवारीत त्याचं प्रोजेक्ट संपलं, तेव्हापासून तो वहिनीची गाडी चालवत होता. प्रोजेक्टबरोबर त्याचं डोकंही बेंचवर गेलंय, असं सुनेत्रा त्याच्या तोंडावर म्हणायची.

"पहिल्यापासून सांग," ती परीक्षितला म्हणाली.

परीक्षित पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी इंजिनिअरिंग शिकत होता. त्याचा रूममेट एकनाथ साळवे हा नगरचा, मराठी ख्रिस्ती शाळामास्तरांचा मुलगा. स्टेट कॉलेजपासून वीस मैलांवर डोंगरात लॉरेल गॅप सेमिनरी नावाचं एक छोटं धर्मविद्येचं कॉलेज होतं, तिथे तो पीएचडी करत होता. विषय अथनासियस. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप.

"हा बिशप दर वर्षी सगळ्या इजिप्तला पत्र पाठवायचा. यंदा उपवास कधी धरायचे, ईस्टर कोणत्या तारखेला, ते कळवायला," परीक्षित म्हणाला. "तसल्या एका पत्राचं जुनं पान सेमिनरीच्या लायब्ररीत आहे. म्हणजे होतं. चामड्याचं, चर्मपत्र म्हणतात ते. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी एकनाथ ते वाचत होता. गुरुवारी सकाळी फोल्डर उघडला तर पान गायब. आतल्या बाजूला अंगठ्याचा पिवळा फराटा. लॅबने सांगितलं, हळद."

"आणि तुमच्या लोकांना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही."

"शुक्रवारी सस्पेंड केला त्याला. परवा हिअरिंग आहे. दोषी ठरला तर नाव कॉलेजच्या यादीतून कायमचं जाईल, आणि नाव गेलं की व्हिसाही गेला. सहा वर्षांचं काम आहे, मावशी. सामान बांधून घरी जा म्हणतील."

त्याने लॅबच्या अहवालाची प्रत पुढे केली. सुनेत्राने ती मोठ्याने वाचली.

"हळद. मोहरी. मीठ. थोडं व्हिनेगर. तेल किंवा चरबी, नाही. फराटा डाव्या अंगठ्याचा, रेषा पुसट."

"मोहरी, हळद, मीठ!" नंदू उद्गारला. "वहिनी, ही तर सरळ फोडणीच. गडी अडकला, यार."

सुनेत्राने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लॅपटॉप मिटला.

"गाडी काढायची आहे उद्या सकाळी," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी वाटेत एका पेट्रोलपंपावर थांबले तेव्हा नंदूने हॉटडॉग घेतला, आणि पहिल्याच घासाला अर्धा शर्टावर घेतला. तो धावत बेसिनकडे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"पिवळा डाग होता वहिनी. साबण चोळला तर लालभडक झाला. नवा शर्ट होता."

सुनेत्रा त्या डागाकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा शर्ट धुऊ नकोस."

"का?"

"मी सांगते म्हणून. दुसरा घाल."

परीक्षितच्या खोलीवर एकनाथने दार उघडलं. तो उंच आणि हाडकुळा होता, आणि तीन आठवड्यांत आणखी वाळला होता. बसा म्हणाला, पण स्वतः बसला नाही. टेबलावर ब्रेडचं अर्धं पाकीट आणि मिठाची डबी होती.

"हे काय जेवण?" सुनेत्राने विचारलं.

"ईस्टरच्या आधीचा आठवडा मी इजिप्तच्या जुन्या लोकांसारखा पाळतो. भाकरी, मीठ, पाणी. इथे भाकरीच्या जागी ब्रेड."

"ईस्टर होऊन गेला की."

"निकाल लागेपर्यंत चालू ठेवलंय."

"त्या आठवड्यात घरात फोडणीच नव्हती, मावशी," परीक्षित म्हणाला. "मीपण बाहेरच खात होतो. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तू त्याचा मित्र."

"पानात नवीन काय सापडलं तुला?" सुनेत्राने विचारलं.

एकनाथ पहिल्यांदा बसला. "खालच्या कोपऱ्यातली एक ओळ. तिथली शाई उडालीय. फोटोत काही दिसत नाही, फक्त अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वाचता येते. त्यात ईस्टरची तारीख आहे. माझ्या गाइडचं, हॅल्व्हरसन सरांचं म्हणणं, अथनासियस वाळवंटात संन्याशांमध्ये लपून होता तेव्हाचं हे पत्र आहे. मी हिशेब मांडला. बाकीच्या मजकुराशी ही तारीख जुळते ते वर्ष त्याच्या मृत्यूनंतरचं निघतं. पत्र त्याच्या मागून आलेल्या बिशपचं असणार."

"सरांना सांगितलंस?"

"त्या बुधवारी सकाळीच. शाब्बास म्हणाले. उद्या दिव्याखाली दाखव म्हणाले, या पत्रावरचं माझं पुस्तक छापायला जायच्या आत दुरुस्ती करू. चांगले आहेत सर. चौकशीत माझ्या बाजूने बोलणारे तेवढे एकच."

"आणि हा अथनासियस? तुला एवढा का आवडतो?"

"वडील चर्चमध्ये त्याची गोष्ट सांगायचे." एकनाथचा आवाज चढला. "पंचेचाळीस वर्षं बिशप होता, त्यातली सतरा हद्दपारीत. पाच वेळा हाकलला. ख्रिस्त हा खराखुरा देवच, यावर अडून बसला. सगळा दरबार एका बाजूला आणि हा एकटा. पहिल्याच खेपेला विरोधकांनी खुनाचा आळ घेतला. म्हणे, आर्सेनियस नावाच्या बिशपला मारलं आणि जादूटोण्यासाठी त्याचा हात कापून घेतला. भर सभेत पेटीतून एक वाळलेला हात काढून दाखवला. लोक किंचाळले. कोणाचा हात, असं एकानेही विचारलं नाही."

"मग?"

"आर्सेनियस जिवंत होता! त्यांनीच त्याला मठात लपवला होता. संन्याशांत एक संन्यासी, कोण ओळखणार? अथनासियसच्या माणसांनी त्याला शोधला. सभेत घोंगडीत गुंडाळून उभा केला. अथनासियसने आधी त्याचा एक हात बाहेर काढला. मग दुसरा. आणि म्हणाला, देवाने माणसाला दोनच हात दिलेत, तिसरा कुठून कापला ते आता यांनी दाखवावं."

"वा!" नंदू म्हणाला. "सुटला!"

"नाही सुटला. दुसरंच काहीतरी काढलं आणि हद्दपार केलाच. खरं ठरून उपयोग काय?"

सुनेत्राने पर्समधून छोटी वही काढली आणि त्यात एक ओळ लिहिली.

लायब्ररीच्या दारात पाटी होती: हात धुवा, बॅगा बाहेर, फक्त पेन्सिल. बाहेर पडताना प्रत्येकाचे कागद तपासले जात. टेबलाशी रुचा नावाची विद्यार्थिनी बसली होती, मूळची नागपूरची. मराठी ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. ती घाबरली.

"त्या बुधवारी ड्यूटीवर तूच होतीस?"

"हो. एकनाथ बाराला गेला. फोल्डर त्याने राखीव कपाटात ठेवला, दुसऱ्या दिवशी परत हवा असला की तसंच करतात. प्रोफेसर लोकही तिथून घेतात-ठेवतात, त्यांना सही लागत नाही."

"तुझा डबा कुठे खातेस?"

रुचाचे डोळे भरले. "मागच्या खोलीत. बटाट्याची भाजी होती त्या दिवशी. पण मी चमच्याने खाते, हात धुते, खरंच! मला वाटलं मी काही बोलले तर माझ्यावर येईल. माझीपण असिस्टंटशिप आहे, मावशी."

"म्हणून तीन आठवडे तोंड शिवून बसलीस."

रुचाने बाहीने डोळे पुसले.

"दुपारी आणखी कोण आलं?"

"एकला हॅल्व्हरसन सर. त्यांनी सही करून एक खोका मागवला. या भागातल्या शेतांचे दोनशे वर्षांपूर्वीचे करार, सगळे चर्मपत्रावर. इतका जड, माझी पाठ धरली. आणि दहा मिनिटांत परत दिला! मग कोणीच आलं नाही."

"पानाचा शोध कुठे कुठे घेतला?"

"एकनाथच्या घरी. सिक्युरिटीवाल्यांनी सगळं उलथंपालथं केलं."

बाहेर आल्यावर नंदू कुजबुजला, "वहिनी, हीच. भाजी, हळद, घाबरलेली. सगळं जुळतंय."

"भाजी तेलात करतात, नंदू."

"मग?"

"मग काही नाही. चल."

हॅल्व्हरसनची खोली वरच्या मजल्यावर होती. पांढरी दाढी, मऊ आवाज. सुनेत्राशी बोलता बोलता तो डाव्या हाताने एका पत्रावर सही करत होता.

"माझा सर्वांत हुशार विद्यार्थी," तो म्हणाला. "चोर नाही तो. हात नीट धुतले नाहीत, पानाला डाग पडला, घाबरून त्याने ते फाडून टाकलं असणार. मी समितीला दया दाखवायला सांगितलंय. गुन्हा कबूल केला तर निदान पोलिसांत जाणार नाहीत."

"त्या बुधवारी तुम्ही लायब्ररीत होता?"

"दहा मिनिटं. वेगळ्या कामासाठी."

त्याने प्रेट्झेलची वाटी पुढे सरकवली. या भागात प्रेट्झेल, म्हणजे गाठीच्या आकाराची खारी बिस्किटं, येता-जाता खातात. शेजारी बुडवायला एक पिवळं वाटण होतं. त्याने डाव्या हाताने एक मोडून बुडवलं. नंदूनेही तीन खाल्ली, या खेपेला शर्ट सांभाळून. सुनेत्राने काही घेतलं नाही. जिन्यावरून उतरताना तिचे कान लाल झाले होते.

"दया!" ती म्हणाली. "दया दाखवायला सांगितलीय म्हणे."

शुक्रवारी सकाळी दहाला समिती बसली. लांब टेबलाच्या डोक्याशी डीन क्रॉलीबाई, दोन्हीकडे एकेक विश्वस्त, एका बाजूला हॅल्व्हरसन. समोर एकनाथ, त्याच्या मागे परीक्षित आणि नंदू. रुचाला साक्षीला बोलावलं होतं.

एकनाथच्या वतीने सुनेत्रा उभी राहिली. "सुरुवातीआधी एक सही हवी. पान अखंड सापडलं, तर एकनाथचं निलंबन पहिल्या दिवसापासून रद्द, जणू झालंच नव्हतं. मी लिहून आणलंय."

विश्वस्तांपैकी एक हसला. डीनबाईंनी हॅल्व्हरसनकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. पान नष्ट झालंय हे सगळ्यांनी इतकं धरून ठेवलं होतं की तिघांनी दोन मिनिटांत सह्या केल्या.

सुनेत्राने कागद पर्समध्ये ठेवला आणि पिशवीतून नंदूचा शर्ट काढून टेबलावर पसरला. डीनबाई दचकल्या.

"हे रक्त नाही. हळद आहे. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे कपडे धुणारं कोणीही सांगेल. हा डाग काल दुपारी पडला. माझ्या दिराने यात कुठलीही भारतीय भाजी सांडलेली नाही. हॉटडॉग सांडलाय."

तिने शर्टाशेजारी हॉटडॉगवर घालतात त्या पिवळ्या मस्टर्डची बाटली ठेवली. "ही तुमच्याच कॅन्टीनमधली. मागे काय काय घातलंय ते वाचा. व्हिनेगर, मोहरी, मीठ, हळद. अमेरिकेतल्या प्रत्येक फ्रिजमध्ये हळद आहे, डीनबाई. पण तुम्ही हळद हा शब्द ऐकला आणि खोलीतला सावळा माणूस शोधला."

"भारतीय लोणचंही असू शकतं," हॅल्व्हरसन मऊपणे म्हणाला.

"नाही असू शकत. अहवालात लिहिलंय, तेल नाही. फोडणी असो की लोणचं, आमच्या घरात मोहरी आणि हळद एकत्र आली की तिथे तेल असतंच. व्हिनेगर आम्ही घालत नाही. तुमच्या लॅबने खरं तेच लिहिलं होतं. तुम्ही पहिला शब्द वाचून थांबलात. रुचाचीही त्या दिवशीची भाजी तेलातली, म्हणजे हा डाग तिचाही नाही."

तिने अहवालातल्या फराट्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"दुसरं. फराटा डाव्या अंगठ्याचा आहे. आम्ही हाताने जेवतो, बरोबर. पण उजव्या हाताने. डावा कोरडा ठेवतो, वाढून घ्यायला. डाव्या अंगठ्याला अन्न लागलेला माणूस डावखुरा असणार. एकनाथच्या नावे फोल्डर राखीव कपाटात होता, आणि तिथून सही न करता तो फक्त प्राध्यापक घेऊ शकतात. त्या दुपारी एकच प्राध्यापक आला. जेवणाच्या वेळी, याच मस्टर्डमध्ये बुडवलेली प्रेट्झेल खाऊन. विद्यार्थ्याला हात धुवायला लावतात, प्राध्यापकाला कोण सांगणार?"

"हा मूर्खपणा आहे," हॅल्व्हरसन म्हणाला. "मी पान घेतलं असतं तर दारात सापडलो असतो. माझेही कागद तपासतात."

"अगदी बरोबर. म्हणून पान बाहेर गेलंच नाही." सुनेत्राने रुचाला खूण केली. रुचाने ढकलगाडीवरून एक जड खोका आत आणला. "इजिप्तवर पुस्तकं लिहिणारा माणूस पेनसिल्व्हेनियातल्या शेतांचे करार मागवतो. दोनशे वर्षांपूर्वीचे करार दहा मिनिटांत वाचून परत देतो. मला तेव्हापासून झोप नाही. खोका मी उघडलेला नाही. सील तुमच्या लायब्ररीचं आहे. उघडा."

डीनबाईंनी सील तोडलं. करार एकेक बाहेर येऊ लागले. तपकिरी, सुरकुतलेली चामडी पानं, त्यांवर इंग्रजी अक्षरं, मेणाच्या मोहोरा. दहा. वीस. तिसाव्याच्या आसपास त्यांचा हात थांबला. त्या पानावर मोहोर नव्हती. दोन उभ्या रकान्यांत गोल, काळी, अनोळखी अक्षरं होती.

एकनाथ खुर्चीवरून उठला. "आर्सेनियस," तो म्हणाला, आणि मग इतक्या मोठ्याने की काच थरथरली, "संन्याशांत लपवलेला आर्सेनियस! दोन्ही हात धड! आता तिसरा कुठून कापला ते दाखवा!"

हॅल्व्हरसनने खुर्ची मागे सरकवली. मग तो म्हणाला, "मी ते फाडलं नाही. जपून ठेवलं. पुस्तक बाहेर पडेपर्यंतच... अकरा वर्षं घातलीत मी त्या पुस्तकात. डाग तर माझ्या लक्षातही नव्हता. अहवाल आला तेव्हा मलाच..."

"तेव्हा तुम्हाला आयतं कोलीत मिळालं," सुनेत्रा म्हणाली. "स्वतःच्या बोटांची हळद दुसऱ्याच्या नखांत शोधली जात होती आणि तुम्ही शेजारी बसून दया मागत होतात. पान जपलंत. मुलाचं काय?"

दिव्याखाली ती ओळ वाचायचं काम नंतर पाच मिनिटांत झालं. एकनाथची तारीख बरोबर होती.

डीनबाईंनी घसा साफ केला. "एकनाथवरचा चोरीचा आरोप अर्थातच गेला. पण इतकं मौल्यवान पान राखीव कपाटात ठेवणं हा नियमभंग होता, असंही म्हणता येईल. तेव्हा झालेलं निलंबन तेवढ्यापुरतं कायम ठेवून..."

सुनेत्रा याचीच वाट बघत होती. तिने पर्समधला कागद काढून टेबलावर आपटला.

"पहिल्या दिवसापासून रद्द. जणू झालंच नव्हतं. तीन सह्या. सोळाशे वर्षांपूर्वी याच चालीने एका माणसाला निर्दोष ठरवून हद्दपार केलं होतं. या वेळी आम्ही कागद आधी केलाय."

डीनबाईंनी कागद दोनदा वाचला. मग त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, चेहऱ्यावर हसू आणलं आणि हात पुढे केला.

"गैरसमज झाला, एकनाथ. झालं गेलं विसरून जाऊ."

एकनाथने त्या हाताकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"माझे हात तुम्ही एकदा बघितलेत," तो म्हणाला. "पुन्हा नाही."

बाहेर जिन्याशी रुचा उभी होती. ती सॉरी म्हणाली, आणि एकनाथने नुसती मान हलवली. गाडीत बसल्यावर नंदू बराच वेळ चुळबुळत होता.

"एकनाथ, तू ख्रिस्ती ना? मग माफ करायला नको होतं का, यार?"

"माफ कधीच केलंय. मागच्याच रविवारी, प्रार्थनेत." एकनाथ खिडकीबाहेर बघत होता. "हात मिळवायचं त्यात कुठे येतं?"

परीक्षितने मागच्या सीटवरून डबा पुढे केला. पहाटे उठून, स्मोक अलार्मची पर्वा न करता, त्याने बटाट्याची भाजी केली होती. एकनाथने झाकण उघडलं, उजव्या हाताने पहिला घास घेतला आणि तीन आठवड्यांनी त्याच्या बोटांना हळद लागली. नंदूने कागदी रुमाल पुढे केला. एकनाथने तो घेतला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "दिसू दे."